२७ टक्के आणि अण्णांचे सुट्टे

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज. 'अल्झायमरवर रामबाण इंजेक्शन! आजार २७ टक्के बरा!' खाली आतेभावाचे हात जोडलेले. पाठोपाठ अमेरिकेतून ताईचा फोन, "अण्णांना घेऊन ये, इकडे मिळतं." डोकंच सरकलं माझं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. खचाखच गाडीत दोन फुल, एक हाफ, शंभराची नोट, उरलेले सुट्टे हातावर, सगळा हिशोब तोंडी. मागच्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, शंभरातून सात गेले, किती? "त्र्याण्णव." त्यातून आणखी सात? अण्णा गप्प. मग खांद्यावरची, आता नसलेली बॅग चाचपली आणि म्हणाले, "सुट्टे नाहीत."

म्हणून हिशोब आता मी करतो. त्या इंजेक्शनची, म्हणजे लेकानेमॅबची, मोठी चाचणी: १,७९५ माणसं, दीड वर्ष. स्मरणशक्ती आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर औषध मिळालेले सरासरी १.२१ ने घसरले, न मिळालेले १.६६ ने. फरक ०.४५. तेच ते २७ टक्के! बरं कोण झालं? कोणीच नाही. दोन्ही गट घसरलेच, एक जरा हळू. डोनानेमॅब हे दुसरं औषध त्याच जातकुळीतलं. मेंदूत साचलेला अमायलॉइड, म्हणजे या आजारातला प्रथिनांचा थर, खरंच साफ होतो, मान्य. आधीच्या कितीतरी औषधांना एवढंही जमलं नव्हतं, तेही मान्य. पण 'रामबाण'?

लेकानेमॅब म्हणजे सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी सलाईन. अधूनमधून एमआरआय, कारण मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. त्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी आठातल्या एकाला सूज दिसली. बहुतेकांना जाणवलीही नाही, ठीक आहे. पण अण्णांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांचं काय? आणि ताई, २०२३ साली बाजारात आलं तेव्हा नुसत्या औषधाची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. हे सांगितलं तर म्हणते, "तू कायम निगेटिव्हच."

नंतर तिकडे ती रडत होती. तुझ्यावर राग नाही गं. त्र्याण्णवनंतरचे शहाऐंशी अजून सहा महिने अण्णांच्या डोक्यात राहतील असं तेव्हा कोणी छातीठोक सांगितलं असतं, तर गावची जमीन मीही काढली असती विकायला. डॉक्टरला 'हे अण्णांना चालेल का' असं मीसुद्धा दोनदा विचारून आलोय, ग्रुपवर सांगितलं नाही एवढंच.

पण तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, एकदा तरी शेवटपर्यंत वाचा रे.

आत्ता दूधवाला येऊन गेला. अण्णांनी दोनशेची नोट दिली आणि परत आलेले पैसे न मोजताच खिशात टाकले.