ती प्लास्टिकची पिशवी आधी काढा

‘ड्रायक्लीन होऊन आलेले कपडे दुकानाच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवा, धूळ बसत नाही’ हा कपड्यांच्या निगेवरच्या लेखातला सल्ला पुण्या-नाशकात चालत असेल. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात धुळीची कुणाला पडलीय! दमट हवा पिशवीत कोंडते आणि गणपतीत साडी काढावी तर घडीवर बुरशीचे ठिपके, जरीचे काठ काळवंडलेले. माझ्या सासूबाई पिशवी दारातच फाडतात, कपडा पडवीत सावलीला वाऱ्यावर टाकतात आणि मग जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवतात. त्या हे बुरशीसाठी करतात, पण याला आणखी एक कारण आहे. ड्रायक्लीनिंगला परक्लोरोइथिलीन (‘पर्क’) हे डाग विरघळवणारं द्रावक वापरलं असेल तर त्याची अपायकारक वाफ कपड्यात थोडी राहते आणि पिशवीत ती कोंडून राहते. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर १० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला, तो उगाच नाही.

आणि घामाचं काय? लेखात त्यावर अवाक्षर नाही. हे द्रावक तेला-तुपाचे डाग छान काढतं, पण घामातलं मीठ किंवा कोकम सरबतातली साखर पाण्यात विरघळणारी. ती आधी वेगळी काढावी लागते. साखरेचा डाग तर वाळल्यावर दिसतच नाही, इस्त्रीच्या उष्णतेने नंतर पिवळा पडतो. मे महिन्यातल्या लग्नातली शेरवानी देताना काखा आणि सरबत सांडलेली जागा दुकानदाराला बोट ठेवून दाखवा.