पत्र्याची पट्टी ठोकून ईजीआर दुरुस्त होत नाही!

चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी सिग्नलला थरथरतेय, चांदणी चौकाच्या चढावर धापा टाकतेय, मागून काळा धूर. अशी डिझेल गाडी पुण्यातल्या गॅरेजात न्या, बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं: "ईजीआर ब्लॉक करून टाकू साहेब. पिकअप वाढेल, एव्हरेज वाढेल, कायमची कटकट मिटेल." डोकं फिरतं हे ऐकून! आणि त्याहून जास्त फिरतं ते "बरं, टाका करून" म्हणणाऱ्या मालकांमुळे.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, आणि ब्लॉक करणं म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हच्या जोडात पत्र्याची पट्टी घालून वायूची वाट बंद करणं. तो व्हॉल्व्ह तिथे कशाला बसवलाय, हे तरी विचारा. जळताना सिलिंडरमधलं तापमान साधारण १,६०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड भराभर तयार होतात. ते रोखायला जळून गेलेल्या वायूचा काही भाग कूलरमधून थंड करून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. ज्वाला मवाळ होते, तापमान उतरतं. बस्स, एवढंच काम. प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांमध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती; १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. आणि आपण तिथे पत्रा ठोकतोय.

"पिकअप वाढतो" ही तर शुद्ध थाप आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ईजीआर व्हॉल्व्ह स्वतःच बंद करतो. मग ब्लॉक करून ताकद वाढणार कुठून? फरक जाणवतो, कारण आधीचा व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकलेला असतो. नीट साफ केला असता तरी तोच फरक जाणवला असता!

काजळी साचते तीही उगाच नाही. कोथरूडहून डेक्कन, तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. हिंजवडीच्या रांगेत तासभर आयडलिंग. कमी भारावर ईजीआर सगळ्यात जास्त चालतो, त्यात क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाच्या) ब्रीदर पाइपमधून येणारी तेलाची वाफ मिसळते, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा चिकटा बसतो. म्हणजे ब्रीदर आणि त्या वाफेतलं तेल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर न तपासता नुसता व्हॉल्व्ह बदलला तर तोही तसाच भरणार. हे सांगतं का कुणी?

खरं काम दोन-तीन तासांचं आहे. आधी स्कॅनर लावून ईसीयूने मागितलेलं आणि व्हॉल्व्हचं प्रत्यक्ष उघडणं ताडून बघा. पी ०४०१ हा एरर कोड म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी ०४०२ म्हणजे जास्त. पण आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर घाण झाला तर तोही असले कोड आणतो, म्हणून तो आधी तपासा. मग इंजिन थंड करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून व्हॉल्व्ह उतरवा. कार्बन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. मोटर आणि कनेक्टरच्या बाजूला फवारा नको. स्क्रू ड्रायव्हरने झडप उचकटाल तर आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतील. झडप पूर्ण मिटते का बघा, मॅनिफोल्डचं तोंड खरवडा, आणि गॅस्केट नवीनच घाला. नाना पेठेत हिंडलात तर मिळेल, जुनं सिलिकॉन फासून बसवू नका! शेवटी स्कॅनरवरून व्हॉल्व्हचं लर्निंग करा, म्हणजे झडपेची उघड-मीट ईसीयूला नव्याने शिकवा, कोड पुसा.

बाहेर गळती नसताना कूलंट कमी होतंय, पांढरा धूर येतोय? मग ईजीआरच्या कूलरला चीर असू शकते; तो प्रेशर टेस्ट करा. प्लेट ठोकली तरी चीर तशीच राहते.

ब्लॉक केल्यावर ईसीयू गप्प बसत नाही. ईजीआर उघडल्यावर ताजी हवा कमी व्हायला हवी, ती होत नाही, की परत पी ०४०१, परत लिंप मोड, म्हणजे ताकद कापून गाडी कशीबशी चालणं. बऱ्याच गाड्यांत हा कोड असेपर्यंत डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, रीजनरेशनही (साचलेली काजळी जाळणं) थांबतं, म्हणजे दुसरा महागडा पार्ट गेलाच. मग ईसीयूला फसवायला प्लेटला मधोमध छोटं भोक पाडायचं, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड करायची. एवढी अक्कल साफसफाईला का लावत नाही?

आणि पीयूसी? डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत! ईजीआर बंद असलेल्या गाडीचा धूर उलट स्वच्छ दिसतो आणि सर्टिफिकेट हातात पडतं. दिसत नाही तो वायू मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो, उन्हात त्यातूनच ओझोन बनतो. हिवाळ्यात टेकड्यांमधल्या या शहरात खालच्या थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं तेव्हा तो हलतही नाही.

बिलावर "ईजीआर क्लीनिंग" लिहून आत पट्टी सरकवणारेही आहेत. गॅरेजातून गाडी ताब्यात घेताना टॉर्च मारून व्हॉल्व्ह आणि पाइपच्या जोडावर बघा. दोन गॅस्केटच्या मध्ये चकचकीत पत्र्याची कड दिसली, तर तिथल्या तिथे काढायला लावा आणि पैसे देऊ नका.