फेब्रुवारीतले जास्तीचे शंभर रुपये

दर वर्षी मार्च उजाडला की एखादा नवा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बावीस वर्षं अकाउंट्स सांभाळतोय, त्यामुळे प्रश्न काय असणार ते मला आधीच ठाऊक असतं. यंदाचा मुलगा डिस्पॅचमधला होता. मोबाइलवर सॅलरी स्लिप उघडून म्हणाला, "सर, या महिन्यात पीटी शंभरने जास्त कापलाय." मी म्हटलं, अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. सगळ्यांचेच.

"सगळ्यांचेच? एमडी साहेबांचेपण?"

साहेबांचेपण. तो हसला आणि गेला. कामं आटपली तरी ते हसणं काही डोक्यातून जाईना. त्यातून श्रीमंत माणूस पुरोगामी राज्य करू शकतो का, हा जुना प्रश्न वर आला, म्हणून ही पोस्ट. लांबलीय, चहा घेऊन बसा.

पीटी म्हणजे व्यवसाय कर. हा कुठून आला हे आमच्या ऑफिसात दहा जणांना विचारलं तर नऊ जण 'सरकारचं काहीतरी' म्हणतील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. त्यामागे वि. स. पागे होते, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना ऐकायला छान, पण पैसा कोण देणार? तो शहरातल्या पगारदारांनी द्यायचा असं ठरलं आणि १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. म्हणजे फोर्टमधला कारकून आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातला फिटर यांच्या पगारातून कापलेल्या रकमेतून तिकडे माण-सांगोल्यात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघू लागली. हजेरीपटात घोळ होते, मुकादमाचा जाच होता, सगळं मान्य. पण त्या बाईला कुणा शेठजीच्या वाड्यापुढे हात जोडून उभं राहावं लागत नव्हतं. काम मागणं हा तिचा हक्क होता आणि पुढे १९७७ च्या कायद्याने तो कागदावरही आला. केंद्राने तसा कायदा केला तो २००५ साली.

आता त्या मुलाच्या हसण्याकडे येतो. संविधानाच्या २७६ व्या कलमात या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा आहे. ती १९८८ पासून तिथेच आहे. तेव्हा अडीच हजार हा बऱ्या नोकरीतला महिन्याचा पगार होता. आज डिस्पॅचमधल्या पोराला हे अडीच हजार जाणवतात. एमडींना जाणवत नाहीत, कदाचित ठाऊकही नसतील. वारसा मालमत्तेवरचा कर आपण १९८५ साली काढला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये. त्याच्या जागी जास्त उत्पन्नावर अधिभार आला खरा, पण तो उत्पन्नावर. नुसती साठून राहिलेली माया मोकळीच.

हे सगळं आठवायचं कारण आमची सोसायटी.

१५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली. आमच्या नवी मुंबईत जवळजवळ सहा वर्षं प्रशासक होता, त्यामुळे इच्छुकांची उपासमार झालेली. नेरुळच्या आमच्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीत दिवाळीच्या आधीच आठ सीसीटीव्ही कॅमेरे आले. गेटला रंग लागला. ज्येष्ठ नागरिकांसाठी अष्टविनायकाची बस निघाली, नाश्ता-जेवणासकट. कॅमेऱ्यांखाली भाऊंच्या सौजन्याची पाटी. (भाऊंचं नाव लिहीत नाही. प्रत्येक सेक्टरचे भाऊ वेगळे, पाटी तीच.) मीटिंगमध्ये मी म्हटलं, हे आपल्याला शोभत नाही. तर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तो मुळातच एवढा गडगंज आहे. त्याला खायची काय गरज? गरीब निवडून दिला तर आधी स्वतःचं घर भरेल."

टाळ्या पडल्या. हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल, कदाचित केलाही असेल. एके काळी मीही केलाय. यात थोडं तथ्यही आहे, ते नाकारत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, तो निवडणुकीसाठी कुणाकडून तरी पैसे घेतो आणि मग पाच वर्षं त्या माणसाचा नगरसेवक असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय लोक लगेच सयाजीराव आणि शाहू महाराजांची नावं पुढे करतात. राजेच होते ना? होते. सयाजीराव तर मालेगावजवळच्या कवळाण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला आणि १९०६ साली त्याने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा त्यांच्याच दरबारातली वजनदार मंडळी बिथरली. तिकडे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पिढीजात श्रीमंत. पण १९३५ साली त्याने सामाजिक सुरक्षेचा कायदा आणला, बड्यांवरचा कर चढवला, आणि त्याच्या वर्गातले लोक त्याला घरभेदी म्हणायला लागले. श्रीमंत माणूस पुरोगामी राज्य करू शकतो का, याचं उत्तर मिळालं. करू शकतो, आणि त्याची खूण म्हणजे सगळ्यात आधी त्याचे भाऊबंदच चिडतात. आमच्या भाऊंवर आजवर एकही बिल्डर चिडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा फरक. शाळा सक्तीची करणं हा कायदा होता. कॅमेरा ही भेट आहे. कायद्यापुढे मी नागरिक असतो. भेट स्वीकारली की मी मिंधा. रस्त्यावरचा दिवा बंद पडला म्हणून वॉर्ड ऑफिसात तक्रार करणारे आमचे सेक्रेटरी आता "भाऊंना सांगू या" म्हणतात. दिवा पालिकेचा, वीजबिल आमच्या मालमत्ता करातून, आणि आभार भाऊंचे!

माझ्या बायकोची एक मैत्रीण आहे. सेक्टरमधल्या पाण्याच्या प्रश्नावर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या तिने जेवढ्या झिजवल्यात तेवढ्या कुणीच नाही. तिने उभं राहायचं मनावर घेतलं होतं. एका संध्याकाळी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. आता चारच्या पॅनलचा प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक. नवी मुंबईत १११ जागा, प्रभाग २८. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या अकरा लाखांच्या घरात, म्हणजे एका प्रभागात चाळीसेक हजार माणसं. पूर्वीसारखं दोन गल्ल्या पायी पालथ्या घालून जमत नाही. खर्चाची मर्यादा ११ लाख. मी साधा हिशोब मांडला. चाळीस बूथ धरले, बूथवर पाच माणसं, माणशी चहा-नाश्ता-जेवण मिळून पाचशे. एक लाख. हा फक्त मतदानाच्या दिवसाचा, त्यात एक पत्रक छापलेलं नाही, एक रिक्षा फिरलेली नाही. तिने वही स्वतःकडे ओढली, चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि माझ्याकडे किती आहेत?" बायको आत चहा टाकायला गेली.

फॉर्म भरला नाही तिने. अनामत परवडली असती, पुढचं नाही. शेजारी कल्याण-डोंबिवलीत तर मतदानाच्या आधीच कितीतरी जण बिनविरोध निवडून आले. 'खाणार की नाही खाणार' हा प्रश्न आपण निवडून येणाऱ्याबद्दल विचारतो. पण पैशाने खरी चाळणी लागते ती फॉर्म भरण्याच्या आधी, आणि तिथे कोण गळलं याची बातमी होत नाही.

उमेदवाराची मालमत्ता आपल्याला बघायला तरी मिळते, तीही सुप्रीम कोर्टामुळे. २००२ साली कोर्टाने माहिती उघड करायला लावली, संसदेने कायदा बदलून पळवाट काढली, २००३ साली कोर्टाने ती पळवाटही बुजवली. २०२४ च्या विधानसभेला घाटकोपर पूर्वच्या पराग शाहांनी सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. बांधकाम व्यावसायिक, राज्यातले सर्वांत श्रीमंत उमेदवार. लपवलं नाही, रीतसर जाहीर केलं, निवडूनही आले. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. पक्षाने किती खर्च करावा याला मात्र मर्यादाच नाही. नियम करणाऱ्यांना विनोदाचं अंग आहे.

आमच्या भाऊंचं प्रतिज्ञापत्रही मी डाउनलोड केलं आणि अकाउंटंटच्या सवयीने थेट शेवटची बेरीज बघितली. ते घेऊन तळमजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका मूळचे उरणकडचे, प्रकल्पग्रस्त, म्हणजे नवी मुंबई वसवायला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले. १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या हाकेला दास्तानफाट्यावर गेलेले, भाकरी घरून बांधून. १६ आणि १७ तारखेला गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. दि. बा. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. काका त्यांचा विषय निघाला की सरळ बसतात. साडेबारा टक्क्यांचं पुढे काय झालं तेही काकाच सांगतात. कुणी इमारत उभी केली, कुणी पोरीच्या लग्नासाठी फाइल, म्हणजे भूखंडाचा हक्कच, विकली, आणि ज्यांनी फाइली विकत घेतल्या त्यांची पोरं आता पॅनलमध्ये उभी असतात.

काकांनी बेरजेकडे बघितलंसुद्धा नाही. स्थावर मालमत्तेचं पान काढायला लावलं आणि बोट ठेवून गावांची नावं, सर्व्हे नंबर, भूखंड क्रमांक वाचत गेले. एका ओळीवर थांबले. "हा कुठला माहितीये? खाडीच्या बाजूला, जिथं शाळेचं आरक्षण आहे म्हणतात त्याला लागून." मग दुसरी ओळ. ती नव्या रस्त्याच्या तोंडाशी. दहा मिनिटांत त्यांनी मला अख्ख्या प्रभागाचा नकाशा समजावला. एखाद्या भूखंडावर मैदान राहणार, शाळा होणार की टॉवर, यावर सभागृहात हात वर करणारा माणूस त्याच भूखंडाचा शेजारी असेल, तर त्याला खायची गरज खरंच नाही. चोरी नाही, लाच नाही. हात वर केला की झालं. आणि आठ कॅमेऱ्यांना आपण दान म्हणत होतो.

सेक्रेटरींना हे दाखवलं. ते म्हणाले, "काका जुन्या जमान्यातले." १६ जानेवारीला निकाल लागला. भाऊ निवडून आले, गेटवर गुलाल उधळला. काका घरी नव्हते, त्या तारखेला ते दर वर्षी हुतात्म्यांना अभिवादन करायला जातात.

आता मार्च. आठांपैकी तीन कॅमेरे बंद आहेत. येत्या रविवारच्या सभेत विषय क्रमांक चार, कॅमेऱ्यांची दुरुस्ती. भाऊंना फोन करायचा ठराव तयार असल्याचं कळलंय. माझा उलटा ठराव असा, की दुरुस्ती आणि पुढची देखभाल सोसायटीने करावी, फ्लॅटच्या चौरस फुटांच्या हिशोबाने, वन बीएचकेला कमी, वरच्या टेरेसवाल्यांना जास्त, आणि पाटी काढावी. माझ्या हिशोबाने महिन्याला वन बीएचकेला साठ रुपये पडतात, टेरेसवाल्यांना दीडशेच्या आसपास. टेरेसवाले आत्तापासूनच माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.