तात्या आणि अल्फा

काल सकाळी लिफ्टसमोर उभं राहून मी एक मारी बिस्किट खाल्लं. भूक नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खायला लावलं.

आमचा कुत्रा बीगल, नाव तात्या. नाव लेकीनं ठेवलं. काकांच्या कैलासवासी वडिलांनाही घरात तात्याच म्हणायचे, हे आम्हाला जिन्यात ‘तात्या, सोड ती चप्पल!’ असं ओरडल्यावर कळलं. तर तात्या भुंकतो. कुरिअरवाल्यावर भुंकतो, शेजारच्या कुकरवर भुंकतो, लिफ्टवर तर भुंकतोच. काल लिफ्टचं दार उघडलं, आत काका होते, तात्यानं सलामी दिली. घडलं ते एवढंच.

काका बाहेर आले, पण गेले नाहीत.

“तुम्ही ह्याचे कोण?”

“मालक.”

“चूक. हा तुमचा मालक आहे. कळपात अल्फा, म्हणजे म्होरक्या कोण, हा मूळ प्रश्न. मी व्हिडिओ पाठवला होता. बघितला नाहीत.”

काकांनी जन्मात कुत्रा पाळलेला नाही. बँकेत कर्जवसुली पाहिली, आणि तोच अनुभव ते आता समस्त सजीवांना लावतात. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून बिस्किट.

“अल्फा आधी खातो. खा.”

“मी?”

“मग काय मी खाऊ? कुत्रा कोणाचा?”

तेवढ्यात दूधवाला आला. गाठोडं सावरत इस्त्रीवाला थांबला. मुकाट खाल्लं की प्रकरण मिटेल, या हिशेबानं मी घास घेतला. बिस्किटाला बामचा वास होता.

“असं नाही. त्याच्या डोळ्यांत बघून खा. सावकाश! अल्फाला घाई नसते. हां, आता गिळा. कळलं त्याला.”

तात्याला कळलं ते इतकंच, की बिस्किट संपलं. त्यानं मान वर करून असा काही सूर लावला, की पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं.

“बघा,” काका माझ्याकडे नाही, इस्त्रीवाल्याकडे वळून म्हणाले, “ह्यांच्यात दम नाही.”

इस्त्रीवाल्यानं मान डोलावली. त्याचे पैसे मी कधी थकवलेले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

रात्री झोप येईना, तेव्हा हे अल्फा प्रकरण खणून काढलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर 1947 साली लिहिलं, तिथून हे सगळं पसरलं. ते लांडगे होते बंदिवासातले, कुंपणात आणून एकत्र ठेवलेले. दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी एकाच खोलीत उतरवली, तर तिथंही पहाटेपर्यंत अल्फा ठरतोच. पुढे डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्याच अभ्यासकांनी 1970 च्या पुस्तकातून हीच कल्पना घरोघरी नेली, आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आईबाप आणि त्यांची पिल्लं. हे काकांना पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर म्हणून गुलाबाचं फूल आलं.

बीगल मुळात इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी तयार केलेला कुत्रा. वास हुंगत पुढे धावायचं आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्यांना ऐकू जाईल असा गळा काढायचा, ही त्याची नोकरी. कोथरूडच्या टू बीएचकेत ससे नाहीत, तर तो लिफ्ट कळवतो. याला ‘समस्या’ म्हणतात. बोलावलेल्या ट्रेनरनं सांगितलं, भुंकताना लक्ष देऊ नका, गप्प बसला की लगेच खाऊ द्या. हेही सांगितलं की लक्ष मिळेनासं झालं की कुत्रा आधी जास्त भुंकतो, मग हळूहळू कमी होतो. नेमकी त्या ‘जास्त’च्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली: ‘कुत्र्यांनी लिफ्टचा वापर करू नये.’ चिकटवली मात्र माझ्या दारावर.

रविवारी दुपारी ड्रिल चालवणाऱ्याला नोटीस नाही. विसर्जनाच्या डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, तात्या पलंगाखाली शिरून लाळ गाळत थरथरतो, दुसऱ्या दिवशी ताटलीला तोंड लावत नाही. त्याची नोटीस कोणाच्या दारावर लावायची? त्या डीजेची वर्गणी माझ्याकडूनही घेतली होती. पावती आहे.

भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, की पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. त्याची प्रत घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या, मागची कोरी होती तीही.

“ह्यावर शिक्का कुठंय?”

“नेटवरून काढलंय, साहेब.”

“मग शिक्क्याची आणा. पुढच्या सभेत घेऊ.”

पुढची सभा गणपतीनंतर. तोवर मी आणि तात्या जिन्यानं.