‘चार बोल्टांचे काम’ कारच्या क्लचला लागू होत नाही

ठाण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे: ‘कारचा क्लच बदलणे हे चार बोल्टांचे काम आहे. जॅक आणि पान्यांचा संच असेल, तर एका रविवारी पार्किंगमध्येच ते उरकते. गॅरेजवाले मजुरी उगाच घेतात.’ स्वतःच्या गाडीला हात लावण्याची हौस मला मनापासून आवडते, म्हणूनच यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

चार बोल्टांची गोष्ट खरी आहे, पण ती मोटरसायकलची. 100-125 सीसीच्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्या उजव्या झाकणाआड असतो; ऑइल काढून झाकण उघडले आणि स्प्रिंगांचे बोल्ट सोडले, की प्लेटा हातात येतात. सवय असलेला माणूस हे घरी करू शकतो. कारचा क्लच मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध असतो. छोट्या कारमध्येही त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, दोन्ही एक्सल आणि माउंटिंग सोडवावे लागते, इंजिनाला वेगळा टेकू द्यावा लागतो आणि साधारण 30-40 किलोंचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट दिसतात ते त्यानंतर.

‘जॅक पुरेसा आहे’ हे विधान तर जिवावर बेतणारे आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तासन्‌तास तोलून धरण्यासाठी नव्हे. पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगमध्ये, मजबूत स्टँड न लावता कोणीही गाडीखाली शिरू नये.

खरी कसोटी जोडणीच्या वेळी लागते. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी सगळे नीट उतरवले होते, पण क्लच प्लेट मध्यावर धरणारा दांडा त्यांच्याकडे नव्हता. प्लेट नजरेच्या अंदाजाने बसवली गेली, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांत शिरेना. बोटभर फट उरली होती. ती बोल्ट आवळून मिटवण्याच्या प्रयत्नात गिअरबॉक्सच्या आवरणाचा बोल्ट बसण्याचा कान तुटला. शेवटी गाडी टो करूनच न्यावी लागली.

मजुरी या सगळ्याची असते. शिवाय चांगला मेकॅनिक फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, उष्णतेचे निळे डाग वा चिरा आहेत का ते पाहतो, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलतो आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, ठरावीक जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने आवळतो. क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवणेही टाळायला हवे, कारण जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकते.

क्लच खरोखर गेला आहे का, हा प्रश्न मात्र संदेशात कुठेच नाही. घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर रोज हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धे दाबून, रखडणाऱ्या गाडीची प्लेट लवकर झिजते, हे खरे. परंतु पेडल जड होणे किंवा गिअर अडकणे हा दोष कधी केबलचा असतो; केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये गिअर अडकण्यामागे गळती असू शकते. रिकाम्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतो आहे. तरीही आधी केबलचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे आहे का ते पाहावे. ते काम घरी जरूर करावे.

गॅरेजमध्ये काम दिलेच, तर जुनी प्लेट मागून घ्यावी. ती रिबिटांपर्यंत झिजली असेल तर तिचे आयुष्य संपले होते. ती तेलकट असेल तर मात्र इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे सील बदलले का, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच विचारावे, कारण ते राहिले तर नवी प्लेटही तशीच भिजेल.