ईमचे गावकरी संत नव्हते, माणसं होती

लॉकडाऊनपासून एक मेसेज फिरतोय: ‘इंग्लंडच्या एयाम गावात १६६५ साली प्लेग आला. तरुण पाद्रीच्या एका शब्दावर गावाने वेस बंद केली, ३५० पैकी २६० माणसं मेली, पण एकानेही गाव सोडलं नाही आणि उत्तर इंग्लंड वाचलं.’ डर्बीशायरमधल्या या गावाचं नाव, जाता जाता, ‘ईम’ असं उच्चारतात.

आकड्यापासून सुरुवात करू. मृत्यू सुमारे २६० झाले, हे पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या पत्रातल्या आकड्याशीही जुळतं. ३५० मात्र फार नंतरच्या लेखनातून आलेले आहेत. चर्चची नोंदवही आणि चुलींवरच्या कराच्या याद्या तपासल्यावर अभ्यासकांना वस्ती जवळजवळ दुप्पट असावी असं वाटतं. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक वाचले. गावावरचा घाला यानेही हलका होत नाही.

‘एका शब्दावर’ हे तर साफ खोटं. प्लेगचा पहिला बळी, शिंप्याकडे राहणारा जॉर्ज विकर्स, सप्टेंबर १६६५ मध्ये मेला आणि निर्बंध ठरले ते जून १६६६ मध्ये, नऊ महिन्यांनी. मॉम्पेसन १६६४ साली आलेला, गावाला नकोसा. लोकांचा जीव आधीच्या पाद्रीवर, थॉमस स्टॅन्लीवर होता. नव्या धर्मनियमांना नकार दिला म्हणून त्याची गादी गेली होती. या दोन विरोधकांनी एकत्र येऊन समजूत घातली तेव्हा कुठे गाव तयार झालं. मला तरी या कथेतला खरा चमत्कार हाच वाटतो, पण मेसेजमध्ये स्टॅन्लीचं नावही नाही.

‘एकानेही गाव सोडलं नाही’? मॉम्पेसनने स्वतःची दोन मुलं आधीच बाहेर पाठवली होती. बायको कॅथरिन गावातच थांबली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगने मेली. ज्यांना बाहेर आसरा होता, त्यांच्यातलेही काही वेळीच निघाले. मागे राहिलेल्यांत बहुतेक शेतकरी आणि शिशाच्या खाणीत राबणारे. त्यांनाही अन्न लागतंच. ते चॅट्सवर्थच्या वाड्यातून तिथला उमराव, डेव्हनशायरचा अर्ल, पाठवायचा. काही माल सीमेच्या दगडाशी ठेवला जाई, मोबदल्याची नाणी व्हिनेगरमध्ये बुडवलेली.

उत्तर इंग्लंड यामुळेच वाचलं का, हे सिद्ध करता येत नाही. उंदरांच्या पिसवांनी रोग पसरत असेल, तर माणसं कोंडल्याने गावातलेच बळी वाढले असतील, असा आक्षेप आहे. उलट २०१६ च्या एका अभ्यासात बहुतेक लागण माणसाकडून माणसाला झाल्याचं दिसलं. ते खरं असेल तर वेस बंद करण्याला अर्थ होता. वाद मिटलेला नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक बाई सांगते. गावाबाहेरच्या राइली शेतावरच्या एलिझाबेथ हॅनकॉकने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. नंतर ती शेफील्डला, वाचलेल्या मुलाकडे गेली. थडगी अजून राइलीलाच आहेत, दगडी कुंपणात.