बाटली राजपुत्राची की हॉटेलवाल्याची?

भाच्यानं एडिंबरोहून ड्रॅम्ब्यूई, म्हणजे व्हिस्कीत मध-मसाला घातलेली गोड स्कॉटिश दारू, आणल्यापासून बंड्याला आवरणं मुश्कील झालंय. काल कटिंग हातात यायच्या आधीच सुरू.

"१७४६! ब्रिटनच्या गादीसाठी कलोडनची लढाई हरलेला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट, डोक्यावर ३०,००० पौंडांचं इनाम! फ्लोरा मॅकडोनल्डची दासी बनून, झगा घालून स्काय बेटावर! आसरा दिला म्हणून कॅप्टन मॅकिननला आपल्या खास दारूची कृती दिली!" उभा राहून, हातवारे करत. होडी जणू हाच वल्हवत होता.

"कागद आहे?" शीतलनं विचारलं.

"घराण्यात जपलीय."

"मग स्कायवरच्याच ब्रॉडफर्ड गावच्या हॉटेलवाल्या रॉसकडे कशी गेली? त्याच्या पोरानं, जेम्सनं, ती सुधारली. ब्रँडी काढून व्हिस्की घातली, १८९३ मध्ये नाव नोंदवलं. म्हणजे तू जिच्यावर उड्या मारतोयस ती व्हिस्कीसुद्धा राजपुत्राची नाही."

बंड्या गप्प. शीतल थांबेना. "जेम्स अकाली गेला. मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या बायकोनं कृती विकली म्हणतात. तिचं नाव घेतलंस कधी?"

"पण घेणारा मॅल्कम मॅकिननच ना!" बंड्याला जोर चढला.

"वेगळे मॅकिनन रे. सगळे कुलकर्णी काय एकाच वाड्यातले?"

"आमच्यात नको," अण्णा कुलकर्णी म्हणाले. भावकीचा दावा अजून कोर्टात आहे.

रविवारी बंड्यानं झाकणभर चाखवली होती. आधी मध, मग बडीशेपेसारखं काहीतरी, शेवटी घशात व्हिस्की. बोटं चिकट झाली ती साबणानंच सुटली. माझं मत शीतलच्या पारड्यात. अशी चव रोज गिऱ्हाइकाचं तोंड बघणाऱ्याच्या हातून बसते, जीव मुठीत घेऊन पळणाऱ्याच्या नाही.

"याचं नेहमीचंच," शीतल म्हणाली. "गोडा मसाला पेशव्यांच्या मुदपाकखान्यातला सांगतो. काकू बिचाऱ्या मे महिन्यात घामाघूम होऊन खोबरं भाजतात!"

"तुला यंदा मसाला नाही!"

"देऊ नकोस. काकू देतील मला."

"मागचे दोन डबे आधी परत कर. आई रोज विचारते!"

अण्णांना ठसका लागला, चहा सदऱ्यावर. राजपुत्र राहिला बाजूला, डब्यांचा हिशेब साडेनऊपर्यंत चालला.